परसातल्या धुडाची शिट्टी

जावई सासुरवाडीला गेला की त्याला बसायला खुर्ची मिळते, असं मी ऐकून होतो. मला पाना मिळाला. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं राहायला गेलो होतो. मी हात-पाय धुऊन मागच्या परसात डोकावलो, तर अख्खं परस अडवून एक पिवळा बुलडोझर उभा, आणि त्याच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले. माझे बूट दिसताच खालून एक काळाकुट्ट हात बाहेर आला आणि आवाज आला, "मोठा पाना." मी दिला. "ह्याहून मोठा," पाय म्हणाले. ते पाय माझ्या सासऱ्यांचे होते. आलेला माणूस जावई आहे हे त्यांना चहाच्या वेळी कळलं, आणि कळल्यावरसुद्धा त्यांनी पाना परत घेतला नाही.

सासऱ्यांचं सगळं आयुष्य बुलडोझरवर गेलं. रस्ते, धरणं, कारखान्यांची मैदानं, जिथे म्हणून जमीन वरखाली होती तिथे जाऊन ते ती सरळ करून आले. गल्लीत त्यांचं नाव कुणाला माहीत नाही. 'ऑपरेटर' म्हटलं की कुणीही घर दाखवतं, आणि दाखवायची तशी गरजही नसते, कारण छपराच्या वर बुलडोझरचं धुराडं दिसतं. कंपनीनं त्यांना आणि त्या बुलडोझरला एकाच सुमाराला निवृत्त केलं. दोघं दोन दिशांना जातील अशी कंपनीची समजूत होती. ते दोघं एकत्रच घरी आले.

"लोक निवृत्त झाले की घड्याळ घेऊन घरी येतात," सासूबाई म्हणतात. "फार तर छत्री आणतात. ह्यांनी धूड आणलं."

धुडाचा आजार चमत्कारिक होता. सकाळी थंड असताना इंजिन चालू केलं की स्वारी झोकात निघायची. पुढे म्हटलं की पुढे, मागे म्हटलं की मागे. फाटक ओलांडून गल्लीत उतरायचं, दोन घरं मागे टाकायची, आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानापाशी आलं की बसकण मारायची. इंजिन धडधडत राही, धूर निघत राही, पण चाकांऐवजी असलेली ती लोखंडी चेन जागची हलायची नाही. सासरे गिअर टाकून टाकून घामाघूम होत. मग इंजिन बंद करून तिथेच वाट बघायची. तेल थंड झालं की तेच धूड गुमान मागे मागे सरकत घरी परत यायचं, जणू शिंप्याकडे माप द्यायला गेलं होतं.

शिंप्याच्या गिऱ्हाइकांना चेनवर पाय देऊन दुकानात चढायची सवय झाली होती. शिंपी तर तक्रारही करेनासा झाला होता. बुलडोझरच्या माती ढकलायच्या रुंद फाळ्यावर तो कापड पसरून खडूनं आखायचा, म्हणे एवढं मोठं टेबल कुठे मिळतं.

बिघाड ट्रान्समिशनमध्ये आहे, म्हणजे इंजिनाची ताकद चेनपर्यंत पोचवणाऱ्या गिअरच्या पेटाऱ्यात, इतकं सासऱ्यांनी ताडलं होतं. इंजिनाला दोष नव्हता. आता ट्रान्समिशनमध्ये नेमकं काय, हे शोधायचं काम घरात चाललं होतं, आणि घरात म्हणजे अगदी घरात. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असत. त्यात तेल. हे थंड असतानाचं, हे गरम असतानाचं, हे फिल्टरच्या आधीचं, हे नंतरचं. सासरे जेवता जेवता मध्येच उठून एखादी बरणी उजेडात धरत, वास घेत आणि परत जेवायला बसत. फिल्टर उघडून त्याचा कागद त्यांनी वाळत घातला होता, टॉवेलांच्या शेजारी. न्हाणीघरात बादलीभर रॉकेलमध्ये क्लचच्या चकत्या भिजत होत्या. आंघोळ करायची तर आधी त्या चकत्या एकेक करून कोनाड्यात रचाव्या लागत, आणि त्यांचा क्रम चुकला तर सासरे चिडत. मी एकदा चुकवला. जावई असून मला त्यांनी जे ऐकवलं, ते मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

"क्लच घासलाय," एक दिवस ते म्हणाले. पेटारा उघडला, चकत्या काढल्या, मोजमाप घेतलं. चकत्या ठणठणीत. परत बसवलं. धूड शिंप्यापाशी बसलं.

"पंप म्हातारा झालाय," मग ते म्हणाले. पंप उघडला. पंप त्यांच्याहून तरुण निघाला. परत बसवला. धूड शिंप्यापाशी बसलं.

"तेलाच्या जाळीत कचरा असणार." जाळी काढली. तीत कचरा नव्हता, पण सासूबाईंचा हरवलेला स्वयंपाकघरातला चमचा जाळीच्या डब्यामागे सापडला. तो तिथे तेल ढवळायला कुणी नेला होता ह्यावर घरात दोन मतं नव्हती. चमचा धुऊन आत गेला आणि धूड पुन्हा शिंप्यापाशी बसलं.

ह्या सगळ्या तपासणीत सासऱ्यांचं मुख्य हत्यार म्हणजे एक हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक ते चालू मशीनच्या पोटाला लावत, मूठ कानाशी दाबत, डोळे मिटत आणि आतलं ऐकत. डॉक्टर छाती तपासतो तसं. "मशीन सांगतं," ते म्हणत. "माणूस खोटं बोलेल, मशीन खोटं बोलत नाही. फक्त ऐकता आलं पाहिजे."

इथे मला माझा धंदा सांगणं भाग आहे. मी लोकांचे कान तपासतो. कानाला यंत्र बसवून देणं हे माझं पोट भरायचं साधन. त्यामुळे हे वाक्य ऐकलं की मला भयंकर गुदगुल्या होत, आणि मग राग येई. कारण सासऱ्यांना ऐकू येत नव्हतं. म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही. इंजिनाची धडधड, दाराची धाड, माझ्यावर ओरडतानाचा स्वतःचा आवाज, हे सगळं व्यवस्थित येई. पण आयुष्यभर इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाचे बारीक आवाज आधी जातात. किणकिण, कुजबुज, चिवचिव, शीळ, घड्याळाची टिकटिक, हे त्यांच्या जगातून कधीच उठून गेलं होतं, आणि जाताना त्यांना सांगूनही गेलं नव्हतं.

"माझे कान उत्तम आहेत," ते मला म्हणाले. "हल्ली लोकच पुटपुटतात."

मी आल्याबरोबर त्यांना कानाचं एक चांगलं यंत्र भेट दिलं होतं. त्यांनी ते डबीतून काढून उलटसुलट पाहिलं, "कारागिरी नाजूक आहे," असं म्हणून कौतुक केलं, आणि डबी नटबोल्टच्या ट्रंकेत वायसरांच्या खणात ठेवून दिली. तिथे ती सुरक्षित होती. कानात जायची काहीच भीती नव्हती.

मी पुन्हा विषय काढणार, तेवढ्यात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि दार लोटलं.

"जावईबापू, एक मागू का? ते यंत्र तुम्ही परत न्या."

"का, आई? बाबांना नीट ऐकू यायला लागेल."

"तेच नकोय," त्या म्हणाल्या. "माझं आहे ते बरं चाललंय."

त्यांचं काय चाललं होतं ते मला दोन दिवसांत कळलं होतंच. सासूबाई दिवसभर बोलत. सासऱ्यांच्या देखत बोलत, सासऱ्यांबद्दल बोलत, आणि चेहरा असा हसरा ठेवून बोलत की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई नवऱ्याची विचारपूस करतायत. "घ्या चहा," इतकं मोठ्यानं. मग कप पुढे करत, गोड हसत, बारीक आवाजात, "आणि पिऊन झाला की तो कप तरी त्या धुडाच्या टपावर ठेवू नका, मागच्या वेळी ठेवलात तो अजून तिथेच आहे, घरातले कप संपले तरी तुम्हाला कळायचं नाही, तुम्हाला काय, तुमचा संसार परसात." सासरे मान डोलावून म्हणत, "छान झालाय." इतक्या वर्षांत त्यांचं एकदाही भांडण झालेलं नव्हतं. गल्लीत ह्या जोडप्याचा दाखला देत.

"आईला एवढंच तर सुख आहे," माझी बायकोही म्हणाली. "तू त्यात खो घालू नकोस."

मी गप्प बसलो. नवा जावई ह्याहून जास्त काही करू शकत नाही.

पण धुडाचा प्रश्न गप्प बसणारा नव्हता. सासूबाईंनी ह्या वेळी निर्वाणीचं सांगितलं होतं, आणि ते मात्र मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: परस रिकामं हवं. त्यांनी भंगारवाल्याला बोलावणं धाडलं होतं. तो गॅसकटर घेऊन येणार, जागच्या जागी तुकडे करणार आणि घेऊन जाणार. इकडे सासऱ्यांनी एका रस्त्याच्या कंत्राटदाराला गाठलं होतं. गल्लीच्या टोकाला एक खडबडीत मैदान होतं, ते सपाट करायचं काम त्याच्याकडे होतं. तो म्हणाला, "ऑपरेटर, तुमचं मशीन स्वतःच्या पायांनी मैदानापर्यंत आलं तर ते कामावर आणि तुम्हीही कामावर. ट्रकवर लादून आणलंत तर मला नको." झालं. सासऱ्यांनी कंत्राटदाराला ज्या सकाळी बोलावलं, सासूबाईंनी भंगारवाल्यालाही नेमकं त्याच सकाळी बोलावलं. एकमेकांशी बोलणाऱ्या नवरा-बायकोंतसुद्धा इतका मेळ क्वचितच दिसतो.

आदल्या दिवशी सासरे जेवले नाहीत. बुलडोझरच्या बैठकीवर नुसते बसून होते, इंजिन बंद, हात दोन्ही लिव्हरवर. मी त्यांना बोलवायला गेलो. ते म्हणाले, "जावईबापू, ह्याला कापताना बघायचं माझ्यात बळ नाही. तुम्ही उद्या मला बाजारात घेऊन जा." मला वाईट वाटलं. ह्या माणसानं मला आठवडाभर तेलात लोळवलं होतं, तरी फार वाईट वाटलं.

सकाळी मात्र ते बाजारात गेले नाहीत. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि मशीनवर चढले. भंगारवाला आधीच येऊन कुंपणाच्या भिंतीवर पाय हलवत बसला होता. त्याचा टेम्पो फाटकाबाहेर, त्यात गॅसची नळकांडी आणि कुठकुठल्या मेलेल्या मशीनचे अवयव. कंत्राटदार शिंप्याच्या दुकानात स्टुलावर बसला होता. सासूबाई पायरीवर उभ्या, हात कमरेवर.

धूड निघालं. फाटक ओलांडलं, गल्लीत उतरलं, पहिलं घर गेलं, दुसरं गेलं. आणि तेवढ्यात, एरवी ह्या वेळी न्हाणीघरात अंगावरचं तेल धूत असणाऱ्या मला, इंजिनाच्या धडधडीवर तरंगणारा एक बारीक आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. सुई टोचल्यासारखा, चढत जाणारा.

"लागली शिट्टी," सासूबाई कानांवर हात ठेवत म्हणाल्या. "आता बसणार मेलं."

आणि ते बसलं. शिंप्याच्या बरोब्बर समोर.

मी गर्रकन वळलो. "आई, तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? रोज असंच असतं. आधी शिट्टी लागते, माझं डोकं उठतं, मग ते बसतं. शिट्टी लागली की मी चहाचं आधण ठेवते, म्हणजे हे चिडून घरात येतात तोवर चहा होतो."

"रोज?"

"रोज! मी रोज ह्यांना सांगते, अहो ती शिट्टी थांबवा. चेहऱ्यावरची माशी हलत नाही."

मी धावत दुकानापाशी गेलो. सासरे खाली उतरून चेनला टेकून उभे होते, चेहरा पडलेला. भंगारवालाही भिंतीवरून उतरून हातमोजे घालत येत होता. मी सासऱ्यांच्या कानाशी ओरडलो, "बाबा, बसायच्या आधी मशीन शिट्टी मारतं!"

"कसली शिट्टी?" ते खेकसले. "मी स्क्रू ड्रायव्हर लावून आठवडाभर ऐकतोय. शिट्टीबिट्टी काही नाही."

"आहे की, ऑपरेटर," शिंपी म्हणाला. "मी शिट्टी ऐकली की आखायचं कापड घेऊन तयार राहतो."

"मला इथे बसून ऐकू आली," कंत्राटदार म्हणाला.

"मला भिंतीवरून," भंगारवाला म्हणाला. "मला वाटलं तुमच्या मशीनचा आवाजच तसा आहे."

सासऱ्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आधी त्यांना वाटलं हे सगळे मिळून थट्टा करतायत. मग ते शिंप्याकडे बघत राहिले, कारण शिंप्याला थट्टा जमत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. स्वतःच्या मशीनमधला आवाज अख्ख्या गल्लीला येतो आणि आपल्याला येत नाही, हे त्या एका क्षणात त्यांना कळलं, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर म्हातारे झाले. मी कान तपासतो, रोज कुणाला ना कुणाला ही बातमी देतो, पण ती अशी भर रस्त्यात पोचलेली मी कधी पाहिली नव्हती.

त्यांनी हात पुढे केला. तोच काळाकुट्ट हात. "द्या ते," म्हणाले.

मी पळत जाऊन वायसरांच्या खणातून डबी आणली, यंत्र पुसलं आणि त्यांच्या कानात बसवलं. धूड थंड व्हायला वेळ होता, तोवर सगळे तिथेच थांबलो. सासरे शिंप्याच्या पायरीवर बसले आणि दचकायला लागले. कात्री वाजली, दचकले. कंत्राटदारानं बशीत कप ठेवला, दचकले. कुठे तरी एक चिमणी बोलली, तेव्हा त्यांनी मान वर करून बराच वेळ तारेवर शोधलं. स्वतःचा बूट त्यांनी मुद्दाम खडीवर दोनदा घासून बघितला.

सासूबाई पायरीवरून हे बघत होत्या. त्यांचं तोंड घट्ट मिटलं होतं. आठवडाभरात मी त्यांना पहिल्यांदा गप्प पाहिलं.

तेल थंड झालं. सासऱ्यांनी इंजिन चालू केलं, गिअर मोकळा ठेवला, थ्रॉटल मधोमध लावला आणि खाली उतरून उभे राहिले. यंत्र मोठे आवाज आपोआप दाबतं, हे मी त्यांना तीनदा सांगितलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. डोळे मिटून ते वाट बघत होते. स्क्रू ड्रायव्हर हातात होता, पण कानाला लावलेला नव्हता.

तेल तापत गेलं. शिट्टी लागली.

सासऱ्यांनी डोळे उघडले. "अरे," ते म्हणाले. इतकंच. मग ते शिट्टीच्या मागे निघाले. फाळ्यापाशी गेले, परत आले. डावीकडे वाकले, सरळ झाले. उजव्या बाजूला बैठकीखालचं झाकण काढलं आणि आत डोकं घातलं. पंपापाशी हात नेला आणि तिथे थबकले. कारण तिथे एक जाड, काळा, चकचकीत रबरी पाइप होता, पेटाऱ्यातलं तेल ओढून पंपाला देणारा, आणि तो सगळ्या मशीनमधला सगळ्यात नवा भाग होता. तो त्यांनी स्वतःच बसवला होता. इतके दिवस त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला, ह्याच्यावर नाही.

"ह्यात काय असणार?" ते पुटपुटले. "हा तर नवा कोरा."

"नवाच होता," सासूबाईंच्या तोंडून बारीक आवाजात निघून गेलं. सवयच ती. त्या मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, चेहरा हसरा. "माझ्या पाण्याच्या टाकीसाठी आणलेला नवा पाइप, मी विचारते आहे पाइपाचा तुकडा कुठे गेला, विचारते आहे, पाणी भरताना नळापर्यंत पोचत नाही, पण भिंतीशी बोलावं तसं…"

सासऱ्यांनी झाकणातून डोकं बाहेर काढलं आणि वळून म्हणाले, "काय म्हणालीस?"

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"परत म्हण," सासरे म्हणाले.

"टाकीचा… पाण्याचा पाइप आहे तो."

सासऱ्यांनी आत हात घालून पाइप दाबला. सकाळी काठीसारखा ताठ असणारा तो पाइप तापून मऊ झाला होता आणि त्यांच्या बोटांखाली आतल्या आत चपटा झालेला लागत होता. पंप तेल ओढत होता, पाइपाचं तोंड आवळत होतं, तेल न मिळून पंपाच्या घशाला कोरड पडत होती, आणि तो शीळ घालून रडत होता. थंड झाला की पाइप पुन्हा ताठ, तेल पुन्हा वाहतं, धूड घरी येतं. पाणी वाहून नेणारा पाइप तो, तेल ओढायला लावला तर बिचारा काय करणार? त्याच्या आत तार नव्हती. तेल ओढणाऱ्या पाइपाच्या पोटात तारेची गुंडाळी लागते, म्हणजे तो कितीही तापला तरी मिटत नाही. हे सासऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही. जुना फुटला त्या दिवशी हाताशी हाच होता आणि मापात अगदी चपखल बसला, एवढंच.

"तार असलेला पाइप पाहिजे," सासरे इंजिन बंद करून म्हणाले. "ह्याच मापाचा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सगळे भंगारवाल्याच्या टेम्पोकडे बघायला लागले. भंगारवाल्यानं मान खाली घातली. त्या टेम्पोत, कुठल्याशा मेलेल्या मशीनच्या अवयवांत, तार भरलेला एक जाड पाइप वेटोळं करून पडला होता, हे येता-जाताना सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मी इथे कापायला आलोय, जोडायला नाही," भंगारवाला म्हणाला.

"काढ बाहेर," सासूबाई म्हणाल्या. ह्या वेळी मोठ्यानं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. परस रिकामं व्हावं म्हणून ह्याच बाईनं त्याला बोलावलं होतं. त्यांनी माझी नजर ओळखली. "माझं परस रिकामं झाल्याशी कारण," त्या मला म्हणाल्या. "ते तुकड्यांनी जावं असं मी कुठे म्हटलं?" पण त्यांचे डोळे सासऱ्यांच्या कानाकडे होते, आणि जरा ओले होते.

पाइप बसवायचं काम मी आणि भंगारवाल्यानं केलं. सासरे नुसते उभे राहून ऐकत होते. पान्याचा आवाज, पट्टी आवळल्याचा आवाज. "अजून एक फिरकी," ते म्हणत. "आता बस." मग ते चढले. धूड शिंप्याचं दुकान ओलांडून पुढे गेलं. शिंपी हातातली टेप घेऊन बाहेर आला आणि बुलडोझर गेलेल्या रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "आता कापड कशावर आखू?" धूड गल्लीच्या टोकाला पोचलं, मैदानात शिरलं, फाळा खाली टेकवला आणि पहिला उंचवटा लोण्यासारखा कापत गेलं. शिट्टी लागली नाही. कंत्राटदार टाळ्या वाजवत होता. भंगारवाला म्हणाला, "काही हरकत नाही, मी वाट बघीन," आणि टेम्पो घेऊन निघून गेला. धंद्यातला माणूस आहे, त्याला आशा सोडता येत नाही.

सासरे कामावर लागले. मी त्यांना बजावून सांगितलं: मशीनवर असताना यंत्र काढायचं आणि कान झाकून घ्यायचे, घरी आल्यावर यंत्र घालायचं. आयुष्यभर त्यांनी नेमकं उलटं केलं होतं, मशीनपाशी कान उघडे आणि घरात बंद. त्यांनी ऐकलं. रोज संध्याकाळी मैदानातून आले की हात धुवायचे, डबी उघडायची, यंत्र कानात घालायचं आणि येऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचं.

परस रिकामं झालं. तिथे तेलाचा एक मोठा काळा डाग तेवढा उरला. खिडकीतल्या बरण्या गेल्या, न्हाणीघरातली बादली गेली. आमचा मुक्काम संपत आला होता. मला बसायला खुर्चीही मिळाली होती. आणि तेव्हा एका संध्याकाळी सासरे गंभीर चेहऱ्यानं माझ्यापाशी येऊन बसले.

"जावईबापू, यंत्र बिघडलंय."

"काय होतंय?"

"बाकी सगळं ऐकू येतं. घड्याळ ऐकू येतं, नळ ऐकू येतो. हिचा आवाज येत नाही."

मी यंत्र काढून तपासलं, माझ्या कानाशी धरून बघितलं, परत बसवलं. यंत्रात काहीही दोष नव्हता. दोष मला माहीत होता. पाइपाच्या त्या सकाळपासून सासूबाई घरात चकार शब्द बोललेल्या नव्हत्या. चहाचा कप पुढे करायच्या, हसायच्या आणि ओठ मिटून परत जायच्या. माझी बायको म्हणत होती, आईला करमत नाही, अन्न गोड लागत नाही, तूच केलंस हे. मी कुणाला काय सांगणार?

"बाबा," मी म्हणालो, "यंत्र नीट चाललंय. आई बोलतच नाहीयेत."

सासरे विचारात पडले. त्यांची विचार करायची पद्धत मला आता पाठ झाली होती. आधी तेल, मग जाळी, मग पंप. ते बराच वेळ एकेक भाग तपासत असावेत. मग ते उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि स्टूल ओढून सासूबाईंच्या अगदी समोर बसले. मी दारात थांबलो. जावयानं थांबू नये, पण मी थांबलो.

"कधीपासून बोलतेयस तू?" त्यांनी विचारलं.

सासूबाई हातातले बटाटे सोलत राहिल्या.

"म्हणजे मी ऐकत नव्हतो तेव्हापासून. तू रोज सांगत होतीस. शिट्टीचं सांगितलंस, पाइपाचं सांगितलंस. मी पेटारा उघडत बसलो." त्यांनी यंत्र कानात नीट बसलंय का, ते बोटानं चाचपून पाहिलं. "बाकीचं काय काय सांगितलंस ते आता सांग. पहिल्यापासून. मला वेळ आहे."

"राग येईल तुम्हाला," सासूबाई बारीक आवाजात म्हणाल्या.

"येईल. येऊ दे. सांग."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. एकदा नवऱ्याच्या कानाकडे बघितलं, यंत्र आहे ना म्हणून. हात पुसले. मग घसा साफ केला.

"लग्न होऊन मी ह्या घरात आले," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही कामावर गेला होतात."

सासऱ्यांनी मान डोलावली आणि स्टूल आणखी थोडं पुढे ओढून घेतलं.